सत्तरीनंतरचे ‘डिटॉक्स’: शरीराची सफाई कोण करते?

सकाळी सहाच्या सुमारास पुण्या-मुंबईत लोक फिरायला जातात अशा बागेबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी एक दृश्य हमखास दिसते. मोटारीच्या मागे एक टेबल, त्यावर स्टीलचे थर्मास आणि समोर पाटी : दुधी, कारले, आवळा, गव्हांकुर, कोरफड. फेऱ्या संपवून आलेली, बहुतेक साठी ओलांडलेली मंडळी रांगेत उभी राहतात आणि एका दमात ग्लास रिकामा करतात. शरीरातली घाण निघून जाते, असे एकमेकांना सांगतात. रस जरा जास्तच कडू लागला, तर तोंड वेडेवाकडे करूनही तो संपवला जातो. कडू आहे म्हणजे गुणकारी असणार, हा समज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा.

दुधीच्या बाबतीत मात्र हा समज जीवघेणा ठरू शकतो, आणि ठरलाही आहे. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआर या संस्थेतील एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा घटनांचा अभ्यास केला. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात चाळिशीतील एक महिला सकाळच्या धावण्यानंतर दुधीचा रस प्यायली आणि काही दिवसांत दगावली.

यामागचे कारण गूढ नाही. दुधी, काकडी, भोपळा, दोडका या एकाच कुळातल्या वेली. कीड आणि जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून त्या कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्ये तयार करतात. शेतात लावल्या जाणाऱ्या वाणांमध्ये ती नगण्य असतात. पण पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा फळ जून होणे अशा कारणांनी एखाद्या फळात ती वाढतात. असा दुधी बाहेरून अगदी इतर दुधीसारखाच दिसतो. ओळखण्याची खूण एकच, चव. भाजी कडू लागली तर माणूस पहिल्या घासाला थांबतो. रस गटकन पोटात जातो, आणि ग्लासभर रसासाठी भाजीपेक्षा कितीतरी जास्त दुधी लागतो. त्यात कारले मिसळले की दुधीचा कडूपणा लपतो. म्हणूनच समितीने सांगितले : रस काढण्याआधी दुधीची एक छोटी फोड चाखावी, कडू असेल तर फेकून द्यावा, त्यात दुसरा रस मिसळू नये. पिऊन झाल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण या विषावर उतारा नाही. सलाईन आणि इतर आधाराचे उपचारच करावे लागतात. काकडी चिरण्याआधी टोकाचा तुकडा चाखून पाहणाऱ्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. नियम मात्र ठाऊक होता.

असे कडू फळ वाट्याला येणे विरळाच. पण दुधी कडू नसला तरी मूळ प्रश्न उरतोच. हा रस नेमके काय साफ करतो? ब्रिटनमधील काही तरुण शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हाच प्रश्न ‘डिटॉक्स’ असे छापून विकल्या जाणाऱ्या १५ उत्पादनांच्या कंपन्यांना विचारला. कोणते विष, ते शरीरातून कसे निघते, याचे नीट उत्तर त्यांना मिळाले नाही. ‘डिटॉक्स’ या शब्दाचा अर्थही दोन कंपन्यांनी सारखा सांगितला नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी अशा आहारपद्धतींवरील उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा त्यांचा परिणाम नीट चाचणीने सिद्ध करणारा एकही अभ्यास त्यांना आढळला नाही. प्रदर्शनांमध्ये पाय बुडवायचे एक यंत्र विकतात. त्यातले पाणी तपकिरी होते आणि ‘हे बघा तुमच्या शरीरातले विष’ असे सांगितले जाते. पाय न बुडवता नुसतेच मिठाचे पाणी ठेवून यंत्र सुरू केले तरी पाणी तपकिरी होते. तो रंग धातूच्या पट्ट्या गंजल्याचा.

ही कल्पना काही आजची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील नामवंत डॉक्टरही आतड्यात साठलेल्या मळामुळे सारे शरीर विषारी होते, असे मानत. लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद विल्यम आर्बुथनॉट लेन तर बद्धकोष्ठतेसाठी रुग्णांचे मोठे आतडे कापून काढत. वैद्यकशास्त्राने ही कल्पना पुढे टाकून दिली. आपल्याकडे रविवारी सकाळी नाक दाबून पाजलेले एरंडेल ज्यांना आठवते, ती पिढी आता सत्तरीत आहे. ‘पोट साफ तर सगळे साफ’ हे तिच्या मनात पक्के बसलेले आहे.

खरी सफाई करणारे अवयव शांतपणे आपापले काम करत असतात. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. आपल्या रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. उपयोगाचे सारे परत घेऊन दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर टाकली जाते. दीडेक किलोचे यकृत पचनात तयार होणाऱ्या घातक अमोनियाचे युरियात रूपांतर करते. औषधे, मद्य आणि अन्नातली नको असलेली रसायने यांची मोडतोड करून ती लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढण्याजोगी करते. घामाचा यातला वाटा अगदी किरकोळ, तो शरीर थंड ठेवण्यासाठी असतो. या यंत्रणेला महिन्यातून एकदा सर्व्हिसिंग लागत नाही. तिला नियमित पुरवठा लागतो, आणि तिच्यावर नसता बोजा पडू नये एवढेच लागते.

वाढत्या वयाचा प्रश्न इथे येतो. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता अनेकांत दरवर्षी थोडी थोडी कमी होते. उतारवयात यकृताचा आकारही तरुणपणाच्या तुलनेत वीस ते चाळीस टक्के घटतो आणि त्यातून वाहणारे रक्तही कमी होते. रोजच्या जगण्याला हे पुरते, पण हाताशी असलेली शिल्लक कमी झालेली असते. आणि ही घट तपासणीच्या कागदावर सहज दिसत नाही.

क्रिएटिनिनचेच पाहा. रक्तातले क्रिएटिनिन १.२ आले की ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद घडी घालून ठेवला जातो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि वयानुसार स्नायू घटतात. मूत्रपिंडे मंदावली तरी स्नायूच कमी असल्याने आकडा फारसा वाढत नाही. आज प्रचलित असलेल्या सूत्रात वय आणि लिंग घालून हिशेब केला, तर १.२ क्रिएटिनिन असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ८३ येते. पंचाहत्तर वर्षांच्या पुरुषाची ६३. आणि पंचाहत्तर वर्षांच्या स्त्रीची अवघी ४७. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक टिकला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार मानला जातो. एकच १.२, पण तीन वेगळ्या गोष्टी सांगणारा. अनेक प्रयोगशाळा आता ईजीएफआर अहवालातच छापतात. नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आता समजा, अशाच एका पंचाहत्तरीच्या आजींना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारे औषध सुरू आहे. गुडघे दुखतात म्हणून त्या मधूनमधून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणतात. कुणीतरी सांगितले म्हणून तीन दिवस फक्त रस आणि रात्री जुलाबाचे चूर्ण असा ‘शुद्धीचा’ कार्यक्रम त्या करतात. जुलाबांनी पाणी आणि क्षार जातात. लघवीचे औषध आणखी पाणी काढते. रक्तदाबाच्या गोळीमुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब आधीच कमी असतो, वेदनाशामकामुळे तिकडे जाणारे रक्त आणखी आटते. ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे. त्यात शरीरातले पाणी कमी झाले की तो प्रत्यक्षात येऊ शकतो. चौथ्या दिवशी आजी चक्कर येऊन बाथरूममध्ये पडतात. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आला. मधुमेहाची गोळी चालू ठेवून जेवण सोडले असेल, तर साखर एकदम खाली जाण्याची भीती वेगळीच. चातुर्मासातल्या कडक उपासांनाही हेच लागू आहे.

प्रत्येक रसाचा स्वभाव निराळा. पालकाच्या रसात ऑक्झॅलेट भरपूर असते. भाजीतून ते पोटात जाते तेव्हा प्रमाण कमी असते, आणि सोबतच्या दुधा-दह्यातले कॅल्शियम त्याला आतड्यातच अडवते. उपाशीपोटी रोज ग्लासभर रस ही निराळी गोष्ट. कोकण-गोव्यात बिलंबी किंवा बिंबल म्हणून ओळखले जाणारे आंबट फळ केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी रस काढून पिण्याची टूम निघाली होती. २०१३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ऑक्झॅलेटमुळे सर्वांची मूत्रपिंडे एकाएकी बिघडली होती. सात जणांना डायलिसिस लागले. आमटीत चार फोडी टाकण्यात वावगे काही नाही. पण रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने अचानक हिरव्या पालेभाज्यांचे रस सुरू केले, तर त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम उतरतो. शहाळ्याच्या पाण्यात केळ्याएवढे, किंबहुना त्याहून जास्त पोटॅशियम असते. मूत्रपिंड अशक्त असताना आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असताना रोजचे शहाळे हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. ‘लो सोडियम’ मिठाचेही तसेच. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना त्यातून वगळले. हे बारीक अक्षर पुडीवर कोण वाचतो!

काढ्यांची गोष्ट कोविडच्या काळात सगळ्यांनीच अनुभवली. २०२० च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. पुढे देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली : गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. हा वाद तज्ज्ञांचा. पण कुंपणावरून तोडलेली किंवा पुडीतून आलेली वेल नेमकी कोणती, हे सामान्य माणूस कसे ओळखणार? दुसरी चिंता धातूंची. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. विष काढायला घेतलेल्या पुडीतच विष.

या साऱ्याचा ठपका आयुर्वेदावर ठेवणे मात्र न्याय्य नाही. आयुर्वेदातले शोधन रुग्णाचे बळ, वय, ऋतू, अग्नी पाहून आणि वैद्याच्या देखरेखीखाली करायचे असते. कुणाला वमन देऊ नये, याची यादी चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आहे, आणि बालक व दुर्बलांबरोबर वृद्धही त्या यादीत आहेत. सात दिवसांचे ‘पॅकेज’ सत्तरीच्या माणसाला सरसकट विकणारे रिसॉर्ट ज्या शास्त्राचे नाव घेते, त्याच शास्त्राचा नियम मोडते.

मग या वयात शरीराच्या सफाईसाठी काय करावे? सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पाण्याची. १९८४ मध्ये एका प्रयोगात निरोगी वृद्ध आणि तरुण पुरुषांना चोवीस तास पाणी दिले नाही. नंतर पाणी समोर ठेवल्यावर वृद्धांना तहान कमी लागली होती आणि ते प्यायलेही कमी. शरीराला पाणी हवे असूनही तहान ते सांगत नाही. म्हणून म्हातारपणी तहानेवर विसंबून चालत नाही. सकाळी उठल्यावर, प्रत्येक जेवणाबरोबर, गोळ्यांबरोबर, दुपारच्या चहाआधी असे पाणी वेळेला बांधून घ्यावे लागते. अनेक आजी मुद्दामच पाणी पीत नाहीत. गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसवत नाही, रात्री उठताना पडण्याची भीती वाटते, एसटीच्या प्रवासात सोय नसते. अशा घरात डिटॉक्सच्या बाटलीपेक्षा कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि रात्रीचा छोटा दिवा यांवर खर्च केलेला बरा. पाण्याचा मोठा वाटा संध्याकाळच्या आत संपवला की रात्रीचे उठणेही कमी होते. याच्या उलट, ‘रोज चार-पाच लिटर’ हा हट्टही घातक. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांबरोबर अति पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम उतरते, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो आणि घरच्यांना वाटते स्मृतिभ्रंश झाला. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे माप डॉक्टरांनीच ठरवून द्यायचे.

पोट साफ होण्याबद्दल वृद्धांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. चुकतो तो उपाय. सोनामुखीची चूर्णे रोज घेतली तर शरीरातले पोटॅशियम कमी होते. त्याआधी गोळ्यांकडे पाहावे. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो. मंदावलेले थायरॉइडही कारण असू शकते. भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, सालासकट फळे यांतला चोथा हा खरा झाडू. रसवंतीवाला गाळण्यात टाकून देतो तो नेमका हाच. इसबगोल चालते, पण भरपूर पाण्याबरोबरच. शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल, रक्त पडत असेल, वजन उतरत असेल तर चूर्णावर दिवस काढू नयेत.

रसाच्या उपासात सगळ्यात आधी झिजतात ते स्नायू. वयाबरोबर ते तसेही घटत असतात, आणि पडणे, हाड मोडणे, परावलंबी होणे याची सुरुवात तिथूनच होते. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ सांगतात; म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. दोन वेळच्या वाटीभर वरणात ती भरत नाहीत. दूध, दही, पनीर, अंडे, मासे, उसळ असे प्रत्येक जेवणात काहीतरी लागते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण बदलते. फिरण्याबाबत आपली ज्येष्ठ मंडळी खरोखर शिस्तीची. पण जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या हालचालीखेरीज दोन दिवस स्नायूंचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणे-बसणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, एवढ्यानेही सुरुवात होते.

झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून पुढे आले आणि ते फार गाजले. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांतच उलट निष्कर्ष मिळाला. वाद मिटलेला नाही. झोप मात्र हवीच, आणि तिच्यासाठी स्वतःच्या मनाने गोळी घेणे उतारवयात पडण्याला निमंत्रण देते.

मूत्रपिंडांचे खरे शत्रू या वयात दोन : आटोक्यात नसलेला मधुमेह आणि उच्च रक्तदाब. तिसरी, वर्षानुवर्षे चाललेली वेदनाशामके. म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासावे. उलट्या-जुलाब झाले, तर चालू गोळ्यांपैकी कोणत्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे. रात्री अकरा वाजता ते सुचत नाही.

आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे असते, कारण काढा, चूर्ण, गव्हांकुराची पावडर, मुलीने परदेशातून पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूल ही त्यांच्या लेखी औषधे नसतातच. ती सगळी त्या पिशवीत घालावी. बागेबाहेरच्या थर्मासमधला रस पिशवीत मावत नाही. तो कशाचा आणि किती, ते तोंडी सांगावे.